रिकामी मेथड 'हो' का म्हणते?

मंडळी, आजचा विषय जरा धंद्यातला आहे. पण आयटीत नसलेल्यांनी लगेच पळून जायचं कारण नाही. यातला अर्धा भाग गणपतीपुळ्याच्या एका सहा खोल्यांच्या लॉजबद्दल आहे आणि उरलेला आम्हा आयटीवाल्यांच्या चलाखीबद्दल. दोन्ही गोष्टी समजायला इंजिनिअर असावं लागत नाही.

वेब सर्व्हिस लिहायची तर हल्ली कोणी कोऱ्या फाईलवर श्री काढून सुरुवात करत नाही. हल्ली म्हणजे गेली वीसेक वर्षं तरी. आधी एक करारनामा लिहायचा: सर्व्हिसला कुठल्या नावाने हाक मारायची, हाक मारताना काय माहिती द्यायची, उत्तर कुठल्या आकारात मिळणार. मी नोकरीला लागलो तेव्हा याला डब्ल्यूएसडीएल म्हणायचे, आणि ती एक्सएमएलची भेंडोळी अपाची अ‍ॅक्सिसला खायला घालायचे. आता ओपनएपीआय आहे, जीआरपीसी आहे. भांडी बदलली, स्वयंपाक तोच. जनरेटर मिनिटभरात पन्नास फायली ओकून मोकळा होतो. विनंती वाचणं, उत्तर गुंडाळणं, चुकीच्या प्रकारची माहिती आली तर हाकलून देणं, सगळं तयार. फक्त प्रत्येक मेथडचं पोट रिकामं. तिथे काय व्हायला हवं ते तुम्ही लिहायचं. या पोटातल्या मजकुराला आमच्याकडे 'बिझनेस लॉजिक' असं भारदस्त नाव आहे.

आता गंमत बघा. स्वॅगर कोडजेन नावाचा एक फार लोकप्रिय जनरेटर आहे. त्याच्या कित्येक साच्यांमध्ये या रिकाम्या जागी एक कॉमेंट असते: 'डू सम मॅजिक!' म्हणजे इथे काहीतरी जादू करा. आणि जावाच्या जॅक्स-आरएस साच्यात तर ती मेथड नुसती रिकामी नसते, ती उत्तर देते. २०० ओके, निरोप: 'मॅजिक!' तुम्ही अजून एक अक्षर लिहिलेलं नाही, पण सर्व्हिस जगाला सांगतेय की काम झालं.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मीही हसलो होतो. आता हसू येत नाही, कारण या एका ओळीवर आमच्या धंद्यातली एक अख्खी संस्कृती उभी आहे. सोमवारी स्पेक, मंगळवारी जनरेट, बुधवारी क्लायंटला डेमो. सगळे एंडपॉइंट हिरवे. साहेब म्हणतात, "ऐंशी टक्के झालंय, आता फक्त लॉजिक भरायचं." फक्त! हा 'फक्त' शब्द ऐकला की माझ्या डोक्याला शॉट बसतो. घराला रंग दिला, पडदे लावले, आता फक्त पाया खणायचा, असं कोणी कॉन्ट्रॅक्टर म्हणाला तर तुम्ही त्याला उभं कराल का?

आणि हे 'फक्त' भरायला कोणाला देतात? टीममधल्या सगळ्यात नवीन पोराला. आर्किटेक्ट साहेब आकृत्या काढतात, सिनिअर मंडळी डिप्लॉयमेंटच्या पाइपलाइनी ओढतात, आणि ज्या ठिकाणी खऱ्या माणसाचे खरे पैसे इकडचे तिकडे होणार ती मेथड जून महिन्यात कॉलेजातून बाहेर पडलेल्या पोराच्या वाट्याला. त्याला सांगायचं, "स्पेकमध्ये सगळं आहे."

स्पेकमध्ये काय असतं आणि काय नसतं, हे सांगायला पुळ्याला जावं लागेल.

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, गणपतीपुळ्यात एक घरगुती लॉज चालवतात. ज्यांनी पुळं पाहिलंय त्यांना माहीत आहे: देऊळ अगदी समुद्राला लागून, पण देव मूर्तीपुरता नाही. मागची टेकडीच स्वयंभू गणपती मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा घालायची ती टेकडीला, साधारण एक किलोमीटरची. (दर्शनी इंटरफेस छोटा, मागे डोंगर. पीजे आहे, माफ करा.) काकांच्या सहा खोल्या गेली बावीस वर्षं एका लाल कापडी बांधणीच्या वहीवर चालत होत्या. मग एका कंपनीची माणसं आली आणि किनाऱ्यावरच्या छोट्या लॉजवाल्यांसाठी ऑनलाइन बुकिंगची सर्व्हिस देऊन गेली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण यात त्या कंपनीचं खास असं काही नाही. कुठलीही असती तरी हेच झालं असतं.

१२ ऑगस्ट २०२५, मंगळवार, अंगारकी. सांगलीच्या एका कुटुंबासाठी काकांनी तीन आठवडे आधी तीन खोल्या फोनवरच्या अ‍ॅपमधून 'ब्लॉक' केल्या होत्या. अ‍ॅप म्हणालं, ब्लॉक झाल्या. रात्री आठ वाजता, धो धो पावसात, दारात दोन पार्ट्या. एक सांगलीची आणि दुसरी त्याच तीन खोल्यांचे पैसे ऑनलाइन भरून, प्रिंटआउट घेऊन आलेली, सोबत गुडघे धरून उभ्या असलेल्या आजी. अंगारकीच्या रात्री पुळ्यात दुसरीकडे खोली? विसरा. मावशी-काकांनी आपली निजायची खोली दिली, माजघर दिलं आणि स्वतः पडवीत झोपले. वर चार दिवसांनी एक तारा देऊन कोणीतरी लिहिलं की मालक अप्रामाणिक आहे, एकच खोली दोघांना विकतो. बावीस वर्षांत काकांना असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी ते वाक्य मला फोनवर तीनदा वाचून दाखवलं.

कंपनीकडे तक्रार केली तर उत्तर आलं की लॉगमध्ये एकही एरर नाही. अहो, असणार कशी? नंतर तिथल्या एका पोराने बिचाऱ्याने मला स्क्रीन दाखवली. खोली ब्लॉक करण्याची मेथड जशी जनरेट झाली होती तशीच होती. काकांनी बटण दाबलं की ती म्हणायची, ओके. कुठेही काहीही लिहून ठेवायची नाही, नुसतं ओके. पहिल्या रिलीजमध्ये ब्लॉकिंग धरलंच नव्हतं, 'फेज टू'मध्ये होतं. पण बटण मात्र होतं, कारण बटण स्पेकवरून आलं होतं. पोराला मी काही बोललो नाही. दोन स्प्रिंटमध्ये चाळीस मेथडी त्याच्या गळ्यात बांधल्या होत्या आणि त्याने समुद्रसुद्धा मुंबईचाच पाहिला होता.

माझा राग इथे आहे. काम अर्धवट असणं हा गुन्हा नाही, सगळीच कामं कधी ना कधी अर्धवट असतात. अर्धवट काम पूर्ण असल्याचं सोंग घेतं तो गुन्हा. एचटीटीपीमध्ये याच्यासाठी वेगळा आकडा आहे, ५०१: हे अजून लिहिलेलं नाही. ओपनएपीआय जनरेटरचा, म्हणजे २०१८ साली स्वॅगर कोडजेनमधूनच फुटून निघालेल्या प्रकल्पाचा, स्प्रिंगसाठीचा साचा रिकाम्या मेथडमधून ५०१ परत करतो. जीआरपीसीचा जनरेट झालेला पायथन कोड 'अनइम्प्लिमेंटेड' असं सांगून एक्सेप्शन फेकतो. म्हणजे खरं बोलणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे असंही नाही. तो ५०१ आला असता तर काकांच्या अ‍ॅपवर लाल पट्टी आली असती, काकांनी शिवी हासडली असती आणि वहीत लिहून ठेवलं असतं. आजी कोरड्या गादीवर झोपल्या असत्या. पण लाल पट्टी डेमोत वाईट दिसते ना!

बरं, ही झाली न लिहिलेल्या मेथडची कथा. लिहिलेल्यांची आणखी रंगतदार आहे.

ती सर्व्हिस बंद करून काकांसाठी एक छोटी सर्व्हिस मी लिहायला घेतली. स्पेक लिहायला एक दुपार लागली, जनरेट करायला चहा होईपर्यंतचा वेळ. मग मी वही उघडून काकांसमोर बसलो, आणि पुढचे चार शनिवार-रविवार त्यातच गेले.

साधा प्रश्न विचारला, "काका, गर्दीचे दिवस कुठले? त्या दिवशी भाडं वेगळं लावू." म्हणाले, "अंगारकी." मी म्हटलं, वर्षातून किती? म्हणाले, "ते पंचांगाला विचार." खरंच आहे. वद्य चतुर्थी मंगळवारी आली तर अंगारकी, आणि चतुर्थी कुठली धरायची ते चंद्रोदयावर. २५ जून २०२४ ला अंगारकी झाली, त्यानंतर तेरा महिन्यांहून जास्त काळ एकही नाही, थेट १२ ऑगस्ट २०२५. मग पाच महिन्यांच्या आत पुन्हा ६ जानेवारी २०२६. हे कुठल्या क्रॉनच्या ओळीत बसवाल? शिवाय संकष्टीचा उपास सुटतो चंद्रोदयानंतर, म्हणजे जेवणाची वेळही चंद्रावर. एरवी साडेनऊला बंद होणारं मावशीचं स्वयंपाकघर त्या रात्री किती वाजेपर्यंत चालू, हे स्पेकमधलं 'किचन क्लोजिंग टाइम' नावाचं फील्ड कसं सांगणार?

मी हुशारी दाखवायला म्हटलं, गणेशोत्सवातही गडी-माणसं रजेवर जात असतील, घरोघरी गणपती असतात. काका हसले. पुळ्यात घरोघरी गणपती बसवायची प्रथा नाही, गावाचा एकच गणपती, देवळातला. भाद्रपदातल्या चतुर्थीला गावकरी तिथेच जाऊन पूजा करतात. अख्ख्या कोकणाला लागू असलेला नियम नेमका या गावात लागू नाही, आणि लॉज आहे याच गावात.

मग तारखांचा घोळ. दादरहून तुतारी एक्सप्रेस सुटते रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी. (ही गाडी २०१७ साली केशवसुतांच्या कवितेवरून या नावाची झाली, आणि केशवसुतांचं मालगुंड पुळ्याच्या अगदी शेजारी. असो.) म्हणजे शुक्रवारी रात्री घरून निघालेल्या माणसाच्या तिकिटावर शनिवार. तो सकाळी येऊन टेकतो. त्याला खोली शुक्रवारची द्यायची की शनिवारची? स्पेकमध्ये 'चेक-इन डेट' आहे, प्रकार: तारीख. काका तारखेवर चालत नाहीत, रात्रीवर चालतात. "आदल्या रात्री खोली रिकामी असेल तर सकाळी उघडून देतो, पैसे कसले मागायचे? भरलेली असेल तर पडवीत चहा घेऊन बसायचं." हा नियम आहे. इफ-एल्समध्ये लिहिता येतो, मी लिहिलाही. पण कुठलाच जनरेटर तो देणार नव्हता. आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, तेव्हा 'सकाळ' आणखी पुढे सरकते.

आणि कर! ज्यांना वाटतं की बिझनेस लॉजिक म्हणजे 'रकमेला टक्क्याने गुणा', त्यांनी हे जरूर वाचावं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा दिवसाला हजाराच्या आतल्या खोलीवर कर शून्य होता. १८ जुलै २०२२ पासून तिच्यावर १२ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. तीन हजारांच्या खोलीचं वेगळंच: २०१७ ला १८, १ ऑक्टोबर २०१९ पासून १२, आणि मग तेच ५. आता सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिवाळीसाठी अ‍ॅडव्हान्स घेतला असेल तर दर कुठला? उत्तर तीन तारखांवर अवलंबून: राहणं कधी, बिल कधी, पैसे कधी. तिघांतल्या दोन तारखा दरबदलाच्या ज्या बाजूला पडतील तो दर. स्पेकमध्ये एकच फील्ड होतं: 'टॅक्स', प्रकार: नंबर.

थांबा, संपलं नाही. सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि काकांच्या सहा खोल्या काही तेवढं कमवत नाहीत. म्हणजे फोनवरून बुकिंग केलेल्या पाहुण्याच्या बिलावर कर नाही. तीच खोली, तीच रात्र, पण बुकिंग मोठ्या ऑनलाइन पोर्टलवरून झालं तर कायद्याच्या कलम ९(५) प्रमाणे कर भरायची जबाबदारी पोर्टलची. म्हणजे कर किती हे खोलीवरून कळत नाही, पाहुणा कुठल्या दाराने आला यावरून कळतं. आधीच्या सर्व्हिसने काय केलं होतं? सगळ्यांना सरसकट १२ टक्के. नोंदणी नसलेला माणूस बिलावर कर लावून पैसे घेतोय! याचा अर्थ सीएच्या तोंडून ऐकला तेव्हा काकांचा चेहरा उतरला. खोली गेली तर पडवीत झोपता येतं, सरकारी नोटीस आली तर कुठे झोपायचं?

इथे काही मित्र म्हणतील, अरे, मग आता एआय आहे की! स्पेक दे, रिकाम्या मेथडी दे, तो भरून देईल.

करून पाहिलं. भन्नाट भरतो, खरं सांगतो. बुकिंग रद्द करण्याची मेथड त्याने मला दहा सेकंदांत दिली: ४८ तास आधी पूर्ण परतावा, २४ तास आधी अर्धा, नंतर शून्य. सुंदर कोड, कॉमेंटसकट, टेस्टसकट. जगातल्या कुठल्याही हॉटेलला शोभेल असा. फक्त काकांच्या लॉजचा नव्हे. १४ जुलै २०२४ ला दिवाणखवटीजवळ दरड कोसळून कोकण रेल्वे जवळजवळ एक दिवस ठप्प झाली होती. त्या दिवशीच्या वहीत काकांच्या अक्षरात लिहिलंय, 'गाडी नाही, पैसे जमा, पुढे कधीही या'. मी विचारलं, नियम काय? म्हणाले, "वाट बंद असेल तर त्याचा काय दोष? देवाला निघालेल्या माणसाचे पैसे कापायचे होय रे?" आणि कोणी उगाच, मन बदललं म्हणून, आदल्या दिवशी रद्द केलं तर? "मग अ‍ॅडव्हान्स गेला. खोली अडवून ठेवली ना त्याने." म्हणजे रद्द का केलं हे विचारल्याशिवाय नियम लागू होत नाही, आणि स्पेकमध्ये 'कारण' नावाचं फील्डच नव्हतं. एआयने दिलेल्या टेस्ट मात्र सगळ्या हिरव्या. स्वतःच केलेल्या कल्पनेची स्वतःच परीक्षा घेतली, पैकीच्या पैकी.

'डू सम मॅजिक' लिहिलेली मेथड निदान बघणाऱ्याला दिसते. कोड उघडला की कळतं, इथे काही नाही. जादू करून भरलेली मेथड दिसत नाही. ती आत्मविश्वासाने उभी असते आणि रिव्ह्यू करणारा म्हणतो, वाचायला किती छान आहे. पूर्वी रिकामं पोट ओके म्हणायचं, आता दुसऱ्याच्या घरचं जेवलेलं पोट ओके म्हणतं. तक्रार यंत्राविषयी नाही. त्याला विचारलं ते त्याने सांगितलं. तक्रार आहे ती काकांना फोन न लावणाऱ्यांविषयी.

जनरेटर वाईट असंही मी म्हणत नाही, हे स्पष्ट करतो, नाहीतर उद्या ऑफिसात कोणीतरी चहाच्या वेळी गाठेल. एक्सएमएल नि जेसनची वेणीफणी हाताने करण्यात कसलाही पुरुषार्थ नाही. मी आजही आधी जनरेटच करतो. फक्त जनरेट झालेल्या फायलींना हात लावत नाही, त्या वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात आणि केव्हाही पुसून पुन्हा काढता येतात. काकांचे नियम वेगळ्या क्लासमध्ये आहेत, ज्याला एचटीटीपी म्हणजे काय हे माहीतही नाही. ही काही माझी अक्कल नाही, जॉन व्लिसिडीस यांनी नव्वदच्या दशकात 'जनरेशन गॅप' म्हणून हा पॅटर्न लिहून ठेवलाय. अ‍ॅक्सिससुद्धा तुमची इम्प्ल फाईल आधीच असेल तर तिच्यावर लिहीत नसे. ओपनएपीआय जनरेटरला कुठल्या फायली सोडायच्या हे सांगायला चक्क एक इग्नोर फाईल आहे. सोयी सगळ्या आहेत हो.

आणि टेस्ट मी वहीतून लिहिल्या. २०२४ आणि २०२५ ची पानं घेऊन बसलो, प्रत्येक नोंद एक टेस्ट. कोण कधी आलं, किती दिले, कुठली खोली, काय सूट. सर्व्हिसचं उत्तर वहीशी जुळलं नाही की काकांना विचारायचं, कोण बरोबर? बहुतेक वेळा वही. काही वेळा काका म्हणाले, "ती माझी बेरीज चुकली, तुझं यंत्र बरोबर." एकदा जून महिन्याचा अख्खा ढीग लाल झाला. वरच्या मजल्यावरची खोली रिकामी असूनही वहीत कोणाला दिलेलीच नाही. मी बग शोधत बसलो. मावशी शेंगा सोलता सोलता म्हणाली, "अरे, ती पावसात गळते." उपलब्धता म्हणजे एकूण खोल्या वजा भरलेल्या खोल्या, असं शिकवणाऱ्या सगळ्या पुस्तकांना साष्टांग नमस्कार.

कर्जत-पुण्याकडच्या एका रिसॉर्टवाल्या मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, एवढं कोण करतं, सहा खोल्यांसाठी? बरोबर आहे, बिल लावायचं म्हटलं तर परवडणार नाही. पण मग एस्टिमेटमध्ये तसं लिहा ना. 'सांगाडा चार तास, लॉजिक चार आठवडे, मालकाशी बोलणं त्यात धरलेलं.' असं एस्टिमेट मी आजवर एकाही कंपनीत पाहिलेलं नाही. सांगाड्याला तीन आठवडे असतात, आणि लॉजिक त्याच्या पोटात कुठेतरी, 'इत्यादी' म्हणून.

काकांच्या सर्व्हिसमध्ये आत्ता अकरा मेथडी चालू आहेत आणि एक ५०१ देते. 'ओळखीच्या माणसाला अ‍ॅडव्हान्सशिवाय खोली'. ओळखीचा म्हणजे कोण, हे दोघांचं ठरत नाहीये. काका म्हणतात दोनदा येऊन गेलेला. मावशी म्हणते, जाताना खोली झाडून गेलेला. ठरेपर्यंत बटण दाबलं की लाल पट्टी येते: 'हे अजून लिहिलेलं नाही. वहीत लिहा.' काका वहीत लिहितात.